वाढवला

नारळ फुटत नाही, वाढतो.
बांगडी फुटत नाही, वाढते.
तसाच भिंतीतला उंबर
काढला म्हणायचं नाही. वाढवला म्हणायचं.
जीभ सांभाळून काम करायचं, घर ऐकत असतं.

मी उकर्डा. वॉटरप्रूफिंग, गळती, ड्रेनेज.
माझ्याआधीची दोन पाळण्यातच गेली
म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवलं
आणि पाच पैशाला परत विकत घेतलं.
फेकलेलं कुणी उचलून नेत नाही.
म्हणून रविवार कारंजापासून पाथर्डी फाट्यापर्यंत
भिंतीत काही उगवलं की फोन मला.
पिंपळाला लोक भितात, उंबराच्या पाया पडतात,
हात दोघांनाही लावत नाहीत.

कॉलेज रोडचे कुलथे डॉक्टर, दिवसभर दात उपटतात.
त्यांच्या बाथरूमच्या पाइपामागं
करंगळीएवढा उंबर.
"माझा विश्वास नाही हो," म्हणाले,
"पण मुळापासून काढा. आणि मी क्लिनिकला गेल्यावर काढा."
बाईंनी मजुरीवर अकरा रुपये दिले, वेगळे,
बोटाला बोट न लागू देता.
ते अकरा कशाचे, हे ना त्या बोलल्या ना मी.

आदल्या संध्याकाळी जाऊन यायचं, खंडू मिस्तरीची शिकवण.
तेही अंधाराच्या आत, नंतर झाड झोपतं.
भेगेत चिमूटभर अक्षता टाकायच्या, सांगायचं,
उद्या येतो.
जे कोण असाल ते, सामान आवरून ठेवा.
द्वारकेला एकदा घाईत न सांगताच गेलो.
झालं काहीच नाही.
फक्त शिडी उतरताना वाटलं,
कुणीतरी भांडीकुंडी घेऊन
रस्त्यावर बसलंय.

मुळं सिमेंट सोडत नाहीत,
अंगावर पिणारं पोर ओढावं तशी सुटतात.
पांढरा चीक मनगटावर वाळतो.
रंगाच्या रिकाम्या डब्यात घालून
मी त्यांना तपोवनाच्या खाली, गंगेच्या काठाला लावतो.
सतरा जगलीत.
म्हणजे वाढवला म्हणतो ते अगदीच खोटं नाही.

उंबराला फूल येतं म्हणतात,
मध्यरात्री, घटकाभर. दिसेल त्याचं सोनं.
मी फळ फोडून पाहिलंय. आत चिलटं.
चिलटांना दिसत असेल.

या श्रावणात आमच्याच मोरीत दोन पानं.
फुलेनगर, भाड्याची खोली.
भाड्याच्या खोलीला वास्तुपुरुष असतो का?
असला तर त्याचं डिपॉझिट कुणी भरलं?
की तो अजून आधीच्या भाडेकरूच्या भांडणांनाच
तथास्तु म्हणत बसलाय,
आमची नावं त्याला कुणी सांगितलीच नाहीत?

मंजुळा म्हणाली, राहू द्या.
बारा वर्षांत एवढे नवस केले.
हे न मागता आलंय.
भांडी विसळलेलं पाणी ती आता त्या बाजूनं सोडते.

मालक म्हणाला, भिंत फुगेल, शनिवारपर्यंत काढ.
हो म्हटलं.
तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आत
भेगेत चार तांदूळ. उद्या येतो.
तो बिचारा रोज सामान आवरून बसत असणार.
तीन शनिवार गेले.
पलीकडच्या भिंतीवर ओल चढलीय कमरेएवढी,
आणि मी, गळतीवाला,
तिच्यासमोर कॅलेंडर टांगून मोकळा झालो.

काल मंजुळानं विचारलं,
मोरीत वाकून काय पुटपुटता हो?
"काही नाही," म्हणून गेलो
आणि जीभ चावली.
"आहे," म्हटलं मग, जरा मोठ्यानं,
भिंतीकडं तोंड करून,
"आहे, आहे."