खरी नक्कल

मी गेलो होतो जात शोधायला.
मुलीच्या पडताळणीला पन्नासच्या आधीचा कागद लागतो.
सिव्हिल लाइन्समधली खोली, पंखा फक्त बाबूवर,
आणि रजिस्टरची पानं पोह्याच्या पापडासारखी,
धरली की कड तुटते.

मिळाली. पान एकशे बारा, साल अडतीस.
उरकुडी, बाप झिबल, राहणार तांडापेठ.
नवऱ्याचं नाव : कोरं.
जात कोष्टी. वय एकोणीस.
बोट तिथंच थांबायला हवं होतं,
ते एक रकाना पुढं घसरलं.
मरणाचे कारण : तलावात बुडून.
तारीख नऊ जानेवारी.

"सापडली न जात? मंग आता काय पाह्यता?" बाबू म्हणाला.

आमच्या घरी ती उन्हानं मेली होती.
"उरकुडीले ऊन लागलं," आजोबा सांगायचे
आणि आमच्या खिशात कांदा कोंबायचे.
दर चैत्रात तिच्या नावाची पाणपोई,
तीन रांजण, ओली लाल फडकी, साखळीला गिलास.
पहिला गिलास ते कुणाला देत नसत,
रस्त्यावर ओतत.
आम्हाला वाटे, धूळ बसावी म्हणून.

पौषातलं ऊन!
त्या महिन्यात नागपूरची माणसं
भिंतीला पाठ लावून ऊन शोधतात,
संत्रं सोलत बसतात.

तिच्या आधीची तीन लेकरं गेलेली.
म्हणून हिला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं,
सुपात उचलून परत आणलं,
मरणानं ओळखू नये असं नाव दिलं.
एकोणीस वर्षं नाही ओळखलं त्यानं.

सासर कुठलं? परत का आली?
झिबलनं सरकारला खरं सांगितलं
आणि घराला ऊन.
आजोबा तेव्हा बारा वर्षांचे.
त्यांना माहीत होतं का, हे विचारायला आता कुणी नाही.
एवढं आठवतं :
कॉटन मार्केटला जाताना ते मला घेऊन
बडकस चौकाकडून लांबचा वळसा घालत.
शुक्रवारी तलाव मी पहिल्यांदा पाहिला
तो कॉलेजात असताना, एकट्यानं.

नक्कल घेतली. वीस रुपये.
बाबूनं गोल शिक्का हाळी देऊन आपटला :
खरी नक्कल.
समितीपुढं चार प्रती जातील.
तिथं तो रकाना कुणी वाचणार नाही.
मुलगी वाचेल.

घरी आलो तर ती अंगणात,
नळी लावून रांजण धूत होती.
"बाबा, एकाले चीर गेली," म्हणाली,
"हा ठेवू का?"