अर्धा तास

गुडघ्याच्या गोळ्या बंद होऊन दीड महिना झाला.
गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकत नाही मी.
पोट मात्र अजून जुनी उधारी मागतंय.

मेडिकलवाला शिवानंद पुडी बांधून द्यायचा,
एक पांढरी, एक पिवळी,
मी नुसत्या चहावर ढकलायची.
भाकरी मागनं.
आधी पानं भिजवा, कातरा,
हजार विड्या कारखान्यात पोचल्या पाहिजेत.

डॉक्टर हत्तुरे म्हणाले, जळजळतं कुठं? बोट ठेवा.
ठेवलं, छातीच्या खाली, बेंबीच्या वर.
शी काळी होते का?
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हटलं, नाही.

आमच्या तेलुगूत याला कडुपु मंट म्हणतात.
पोटातली आग.
जावेनं स्लॅब टाकला तेव्हा झालेली, तीही हीच.
मुकादमानं मूठभर विड्या उगाच छाटून फेकल्या की होते,
तीही.
यातली कुठली सांगायची?
त्यांनी एकच गोळी लिहिली. महिनाभर.
म्हणाले, आतलं सालटं गेलंय, भरायला वेळ लागतो.

सकाळी उठल्या उठल्या, पाण्याबरोबर.
मग अर्धा तास काही नाही.
नंतर ज्वारीची कण्या-ताक, बिनतिखट.
शेंगाचटणीचा डबा सुनेनं वरच्या फळीवर ठेवलाय,
माझा हात पुरू नये असा.
अंबुबाई, शेजारीण, थंड दूध सांगते,
तिची बहीण म्हणते दूधच नको.
रात्री तीनला कळ येते तेव्हा दोघी झोपलेल्या असतात.

अर्धा तास म्हणजे पन्नास-साठ विड्या.
पहिल्या दिवशी सूप मांडीवर घेतलंच होतं,
तंबाखूचा वास नाकात शिरला
आणि आतून कुणी पिळल्यासारखं झालं.
सूप खाली ठेवलं.

तेव्हापासून घरकुलाच्या पायरीवर बसते.
आज पाण्याचा दिवस नाही, गल्ली अजून झोपेत.
समोरच्या पत्र्यावर ऊन चढतं,
चढतं, हे चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.
बोटं तेवढी मांडीवर वळत राहतात,
पानाशिवाय, दोऱ्याशिवाय.

आतून सून ओरडते, झाला का अर्धा तास?
मी म्हणते, अजून पाच मिनिटं.

खोटं.
घड्याळ बघितलंय मी.