एका काठीवर तिघे

यानझोऊच्या बाजारात कंदिलांच्या सणाला
सावल्यांचा खेळवाला आला, तेव्हा मी
तिळाच्या भाकऱ्या भाजत होतो.
गिऱ्हाईक सगळं तिकडे वळलं,
म्हणून निखाऱ्यांवर राख ओढली आणि मीही गेलो.

पांढऱ्या कागदामागे तेलाचा दिवा.
सेनापती आला. गाढवाच्या कातड्याचाच,
पण काय कापलाय! अकरा सांधे,
शिरस्त्राणावर रानकोंबड्याची दोन लांब पिसं,
हुकूम देताना बोटसुद्धा वेगळं हलतं.

आणि त्याच्यामागून आम्ही.
एक जाडा, एक ठेंगू, एक काडीपैलवान.
तिघांना मिळून एकच कातडं, एकच काठी.
जाडा वळला की तिघे वळणार,
ठेंगू घसरला की तिघे नदीत.
बाजार खो खो हसला.
माझ्या शेजारच्या पोरीला हसता हसता उचकी लागली.

खेळवाल्या,
मी फुकुई जाडा नव्हता रे.
सातव्या आठवड्यात राळे संपले,
मग आम्ही खोगिरांचे पट्टे उकळले.
ती सूज होती.
बोट दाबलं की खळगा पडायचा
आणि तो म्हणायचा, बघा, कणीक छान मळली गेलीय.

त्साओ घरातला सहावा, म्हणून त्याचं नावही सहाच.
तो ठेंगू नव्हता. वाकून चालायचा,
पाठीवर स्वतःची ढाल, वर माझी ढाल,
कारण माझ्या खांद्यात बाण होता.
एवढं ओझं घेऊन कोण ताठ चालेल?

काडीपैलवान बरोबर आहे.
तो मीच.

सेनापतीही वाईट नव्हता.
एकदा त्याने आमची नावं विचारली होती.
आम्ही सांगेपर्यंत घोडा पुढे गेला, इतकंच.

पण काठी?
काठीचं तुला कोणी सांगितलं?
वुतिंग नदी, मध्यरात्र, पलीकडे शत्रूच्या शेकोट्या,
आणि भाल्याचा एकच दांडा तिघांनी धरलेला:
पुढे सहावा, मध्ये मी, मागे फुकुई.
पाणी कमरेएवढंच होतं. बर्फाचे तुकडे
मांड्यांवर आपटत होते, आणि आवाज करायचा नव्हता,
म्हणून ज्याचा पाय घसरला
त्याने आवाज केला नाही.

दांडा हलका झाला, तेव्हा मला कळलं.

खेळ संपल्यावर कागदामागे गेलो.
म्हटलं, ते तिघे बघू.
त्याने खोक्यातून काढून हातावर ठेवले,
तळहाताएवढे. पोटापाशी जोडलेले,
चेहऱ्याला नुसती एकेक चीर.
‘सेनापती कापून उरलेलं कातडं,’ तो म्हणाला,
‘टाकवेना.’

मग त्याने दिवा माझ्या गालाजवळ आणला.
पलटणीची गोंदलेली अक्षरं आता सुरकुत्यांत वाकडी झालीत,
तरी त्याला वाचता आली असावीत.
बराच वेळ तो वात सारखी करत बसला.

मी विचारलं, नदीत तिघे पडतात,
बाहेर किती येतात?
‘तिघेही,’ तो म्हणाला.
‘लग्नाच्या प्रसंगात पखाल ओतायला लागतात ना.’

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या दुपारीच विकून टाकल्या,
शेवटच्या सहा अर्ध्या किमतीत,
आणि पोरांच्यात, अगदी पुढे, जमिनीवर बसलो.
सेनापतीने बोट हलवलं.
ठेंगू घसरला.
कागदावर नुसतं पाणी,
खेळवाला जिभेने बुडबुड्यांचा आवाज काढत होता,
पोरं हसून लोळत होती.

मी मोजत होतो.
एक.
दोन.
आणि मग, जरासा लटपटत,
कालच्यापेक्षा बराच उशिरा,
पाण्यातून वर आलं ते जाडं पोट,
तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो,
इतका, की उचकी लागलेली ती पोर
मागे वळून माझ्याकडे बघू लागली.