आठ फुटांचं कुंपण

पहिल्या वर्षी ट्यूलिप गेले.
एका रात्रीत एकशेवीस कळ्या.
देठ तेवढे उभे, कात्रीने छाटल्यासारखे,
आणि ओल्या मातीत खुरांचे जोडठसे.
कुणीतरी बागेत अवतरणचिन्हं टाकून
मधलं वाक्य खाऊन गेल्यासारखं.

एवर्ट म्हणाला, साबण.
सफरचंदाच्या फांद्यांना वड्या टांगल्या.
समुद्रावरून पाऊस आला, झाडं फेसाळली,
आणि हरणं तर खरोखरच
हात धुऊन मागे लागली.

मग मिरपूड. मग कुजकी अंडी
(त्यांचा त्रास फक्त आम्हाला झाला).
मग रात्रभर चालू ठेवलेला रेडिओ.
पहाटे पाहिलं, तर बातम्या देणाऱ्या बाईसमोर
एक हरणी बसून रवंथ करतेय.
हवामानाचा अंदाज संपेपर्यंत
ती जागची हलली नाही.

मग केस.
फेरीच्या धक्क्यावरचा डेन्झिल न्हावी
दर शनिवारी झाडलोटीची पिशवी भरून देई.
माझ्या जुन्या लांब पायमोज्यांत कोंबून
आम्ही ते घेवड्याच्या मांडवाला लटकवत गेलो.
अख्ख्या बेटाचे केस.
पोस्टमनचे, शाळकरी पोरांचे,
आणि एक मूठ पांढरेशुभ्र, कुरळे.
मी लगेच ओळखले.
लॉइडचे. एवर्टच्या थोरल्या भावाचे.
बोटीच्या वाटणीवरून अकरा वर्षं
आमच्या पायरीला पाय न लावलेला माणूस
उन्हाळाभर आमचा घेवडा राखत होता.
एवर्टला मी बोलले नाही.

हरणांना लॉइडचं काहीच वाटलं नाही.
त्याच्या खालचाच घेवडा त्यांनी आधी खाल्ला.

शेवटी कुंपण.
आठ फूट. त्याहून एक वीतही कमी चालत नाही.
उभ्या जागेवरून उडतात ती, धाव न घेता,
जणू जमिनीनेच हलकेच वर दिलं.
देवदाराचे तेवीस खांब,
आणि खड्डे पाडायचं यंत्र बेटावर एकाकडेच.
कुणाकडे, ते सांगायला नको.
फोन मी केला.
लॉइड आला. टोपी न काढता म्हणाला, कुठे खणायचं?
दोन दिवस दोघे भाऊ आकड्यांतच बोलले.
तीस इंच.
अजून दोन.
बस.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटक बसलं, कडी लागली.
आम्ही तिघं आत उभे, जिंकलेले,
आणि बटाट्याच्या वाफ्यातली सावली
चार पायांवर उठून उभी राहिली, ठिपक्यांसकट.
पाडस.
यंत्राच्या धडधडीत दिवसभर अंग चोरून निजलेलं.
तारेपलीकडे, झाडांच्या कडेला, त्याची आई.
ओरडली नाही. नुसती बघत होती.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
आमच्याने तर लेकरू गिळलं होतं.

एवर्ट हुसकवायला धावला.
लॉइड म्हणाला, थांब.
माणसं आहेत तोवर ती आत यायची नाही.
फाटक सताड उघडलं, दिवे घालवले,
आणि स्वयंपाकघरात अंधारात बसून राहिलो.
चहासुद्धा नाही; आमची किटली शिट्टी मारते.
कुणी बोलेना.
बोललं तर हरणी बुजेल,
हे कारण तिघांनाही बरं पडलं.

ती कधी आली, कधी गेली, कळलं नाही.
उजाडलं तेव्हा बटाट्याची पानं चेपलेली,
घेवड्याचे शेंडे गायब (जाता जाता, बहुतेक),
आणि फाटकापर्यंत मातीत
मोठ्या अवतरणचिन्हांशेजारी
लहान, नखाएवढी.

लॉइड खिडकीशी पाठमोरा उभा होता.
एवर्ट त्याच्या मानेकडे बघत म्हणाला,
केस वाढलेत तुझे.

लॉइड वळला नाही.
म्हणाला, असू दे.
घेवड्याला लागतील.