रिकाम्या कॅरेटचं वजन

सावद्याच्या वजनकाट्यावर, केबिनच्या मागच्या खोलीत
सुतळीची बंडलं सरकवून मी डबा ठेवला.
सर्व्हर म्हणायचं त्याला.
वर पंखा, पंख्याच्या पात्यावर गेल्या हंगामाची धूळ.

पुढे काचेवर नुसता चेहरा.
बटण दाबलं की निरोप मागे येतो,
पायथन हिशोब करतो
आणि बदललं असेल तेवढंच पुढे धाडतो.

"मंग आकडा राह्यतो कुढी? काचेत?"
गुलशेर तडवी विचारतात. तीस वर्षं काट्यावर.
काचेत नाही चाचा. सुतळीपाशी.

मी लिहिलं होतं:
गाडी,
    चार जागा सोडून आत पावती,
        अजून चार सोडून वजन.
एकेक घटक. एकदा घडवला की मांडा कुठंही,
केबिनच्या पडद्यावर, व्यापाऱ्याच्या फोनवर,
गेटवरच्या टीव्हीवर, जिथं एरवी क्रिकेट लागतं.
शेठ म्हणाले, झकास,
आणि पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले.

तिसऱ्या दिवशी वजनाच्या घटकात
रिकामं कॅरेट वजा करायचं राहिलं.
एकच ओळ.
दुपारच्या डब्याआधी एकेचाळीस पावत्यांवर
प्लास्टिक केळीच्या भावानं विकलं गेलं.

ओळ सापडली. घातली.
डोळ्यांदेखत एकेचाळीस आकडे
इथं, फोनवर, टीव्हीवर
एका दमात खाली उतरले.

चाचा बघत राहिले.
"म्हंजे चूक बी एकाच घरात राह्यते तुह्याकडे?
आमची त गावभर हिंडते."
मी हसले. जरा जास्तच.

मग त्यांनी स्थळप्रती चाळल्या.
चाळीस गाड्या आवारात उभ्या.
सतरा नंबर मात्र निघालेली, दिल्लीची,
पावती ड्रायव्हरच्या खिशात.
कागद काही विचारायला मागे येत नाही.
तो एकदाच छापला जातो
आणि मग स्वतःच्याच बाजूनं बोलत राहतो.

चाचांनी फोन लावला.
"पेन आहे का? गाडी बाजूले घे.
खोड ते. हां, पूर्ण खोड. लिही आता..."
मी पडद्यावरून आकडा वाचत होते,
ते एकेक करून फोनमध्ये सोडत होते,
आणि बऱ्हाणपूरच्या अलीकडे कुठंतरी
एक माणूस मांडीवर कागद धरून
आमचं अपडेट लिहून घेत होता.

फोन ठेवून ते खोलीच्या दारात आले,
डब्याकडं बघून मला म्हणाले,
"त्याले सांग,
एक राह्यली होती. झाली."