मागं कुणीतरी बांगडे तळतंय

कुडचड्याला, पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं दुकान आहे : मिक्सर, इस्त्र्या, पंखे.
तबकड्या वाजवायचं यंत्र वर्षातून एकच येतं,
फेस्ताच्या आधी आठ दिवस,
रिक्षातून, चादरीत गुंडाळून,
आजारी माणसाला आणावं तसं.

एस्पेरांसा बाय स्टुलावर बसते.
'सुई पळय रे,' म्हणते, 'आणि तो बरा आहे ना, ते बघ.'
तो म्हणजे सिप्रियान कुलासो.
मुंबईला जाऊन दोन दुपारींत सहा गाणी गायला,
मग कुठल्याशा बोटीवर बँडात गेला.
फोटो एकच, त्यातही अर्धा चेहरा मायक्रोफोनमागे.
एवढ्यावर एक माणूस
साठ-पासष्ट वर्षं कसा पुरतो?

मी यंत्रांचा माणूस, मला गळ्यातलं कळत नाही.
पण तो आवाज चढवतच नाही.
शेजारच्या खोलीत कुणाचं तरी मूल
नुकतं झोपलंय, अशा बेतानं गातो.
बाहेरून खनिजाचे ट्रक जायचे तेव्हा
बाबा हातातला पेचकस खाली ठेवून
पुढं वाकायचे.
ट्रक बंद पडले, बाबा गेले.
वाकायची सवय माझ्या पाठीत उतरली.

आणि श्वास.
कडव्याआधी तो घेतो तो श्वास ऐकू येतो,
दार उघडण्याआधी कडी वाजावी तसा.
शब्द जुने झालेत, क्लॅरिनेट तर
कुणाच्या तरी आजोबांच्या लग्नातली वाटते.
श्वास मात्र आत्ताचा आहे.

तिसऱ्या कडव्यात सुई अडकते.
परतून ये—
परतून ये—
परतून ये—
तो येईन म्हणतोय की ये म्हणतोय
हे तबकडीला माहीत नाही.
बाय उठते, करंगळीनं सुईला हलका धक्का देते,
मग गाणं पुढं जातं.

ही खोच लुडोविनाची, धाकट्या बहिणीची.
कधीच्या काळच्या फेस्ताला नाचताना
तिनं टाच अशी आपटली की टेबल हललं.
'ती टाच आता लिस्बनला आहे,'
बाय सांगते, 'प्लास्टरात.'

औंदा ती यंत्राशिवाय आली.
नातवानं स्विंडनहून गाणं पाठवलेलं, फोनवर,
धुऊन, इस्त्री करून.
मी ते स्पीकरला जोडलं.
सिप्रियान इतका जवळ आला
की त्यानं गिळलेला आवंढा ऐकू यावा.
तिसरं कडवं आलं.
बायची करंगळी आपोआप वर झाली.
तो न अडखळता 'परतून येईन' म्हणाला
आणि पुढं निघून गेला.
करंगळी हवेतच.

'चांगला आहे,' ती म्हणाली,
दुसऱ्यांच्या जावयाबद्दल म्हणावं तसं.
'पण ह्याच्या मागं कुणी बांगडे तळत नाही.'

दुसऱ्या दिवशी चादर आली.
मी सुई बदलली, पट्टा ताणला.
खोच भिंगाखाली पाहिली : केसाएवढी.
टाचणीनं वाट करून देता आली असती,
एक दुपार गेली असती फार तर.
बिलात लिहिलं : सुई, एक नग.

वाजवून बघत होतो तेव्हा
पदेराचा पोरगा मिक्सरचं भांडं न्यायला आलेला,
एकोणिसाचा असेल,
कानात सदा काहीतरी धडधडणारं.
त्यानं एका कानातलं बोंडूक काढलं.
मग दुसऱ्या.
भांडं काखेत धरून तसाच उभा राहिला,
सुट्टे परत घ्यायचेही विसरला.

सायकलवरून पुलाकडे उतरताना
तो गुणगुणत गेला
परतून ये, परतून ये, परतून ये—

पुढचं त्याला ऐकूच आलं नव्हतं.
सुईला धक्का द्यायचं
माझ्या लक्षात राहिलं नाही.