रुमालाखाली

पारी व्याली तेव्हा मी उदगीरला होते,
प्रयोगशाळेच्या फ्रीजरशी भांडत.
अप्पांचा फोन: कालवड झाली.
पांढरीफेक. बालंक्या.
गाय वानेरा, वळूही वानेरा,
दोघांच्या तोंडाला काळं,
"मग हिचं काळं कुटं गेलं की गं, नंदे?"

कुठंच गेलं नाही, अप्पा.
संध्याकाळच्या एसटीनं आले आणि गोठ्यातच सांगितलं,
चिकाच्या बादलीशेजारी उकिडवं बसून.
हिच्या केसाकेसाच्या मुळाशी काळं लिहिलेलं आहे,
शेपटीच्या गोंड्यात, पापणीत, जिभेवरसुद्धा.
फक्त ते कुणी वाचू नये म्हणून
त्याच धाग्यावर, कधी जवळ, कधी कोसभर लांब,
दुसरी एक ओळ असते.
तिच्यापासून काहीच बनत नाही.
ना रंग, ना दूध, ना शिंग.
आमचे सर तिला पंधरा वर्षं कचरा म्हणत होते.

"आन् ती वळ करती काय?"

काही नाही. नुसती असते.
तिच्यावर कुणीतरी येऊन बसतं.
प्रथिनं, अप्पा. त्यांना बोटं असतात,
पुस्तकातही बोटंच म्हणतात,
जस्ताचा एकेक कण मुठीत धरून वळलेली.
अंधारात ती धाग्याच्या खाचेत शिरतात
आणि चाचपतात: जी, ए, जी, ए, जी.
जुळलं की घट्ट धरतात,
आणखी चौघांना बोलावून घेतात,
धागा आवळत, गुंडाळत नेतात
आणि काळ्याची ओळ आत पडते.
पुसलेली नाही. मिटलेली.
पेशी दुभंगली तरी दोन्हीकडं निरोप जातो:
गप.

अप्पांनी बादली खाली ठेवली.
"मंजे रुमालाखाली."

तीस वर्षं हाळीच्या बाजारात हेडी होते अप्पा.
खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पडायचा,
आत बोटं बोटांशी बोलायची,
बाहेर दोघं दोन दिशांना बघत
पावसापाण्याचं काढायचे.
बैलाची किंमत बैलालाही कळायची नाही.
मगदूम हेडी म्हणायचे,
अप्पाचा पंजा म्हंजे कुलूप.

मग कडबा कटरनं उजव्या हाताची दोन बोटं नेली,
करंगळी आणि तिच्या शेजारचं.
त्यानंतरचा पहिला बाजार मी पाहिलाय, नववीत होते.
रुमाल पडला. अप्पांनी पाच धरले,
समोरच्याच्या हाताला तीन लागले.
पुन्हा धरले.
पुन्हा तीन.
शेवटी अप्पांनी तोंडानं सांगितलं,
मोठ्यानं,
लिंबाखालचा अख्खा बाजार वळून बघायला लागला.
त्या रात्री ते जेवले नाहीत.

आतही असंच होतं, मी म्हणणार होते.
ओळीतलं एखादं अक्षर बदलतं
किंवा चाचपणारं बोटच मोडतं, आणि पकड सुटते.
गप असायचं ते बोलायला लागतं,
नको त्या अवयवात, नको त्या वयात.
कधी नुसता ठिपका उमटतो. कधी गाठ.
पण त्यांचा हात कालवडीच्या पाठीवर होता,
तीन बोटं आणि दोन थोटकं, वार पुसत.
मी नाही म्हणाले.

एवढं मात्र कबूल केलं,
की बालंक्याची ती ओळ आम्हाला अजून सापडलेली नाही.
कदाचित तिथं नसेलही.
"मग येवडं सांगितलीस कशाला?"
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

कालवड तिसऱ्यांदा उठली, पुढच्या गुडघ्यांवर अडकली,
चौथ्यांदा उभी राहिली. पारी तिला चाटत होती,
पांढरं आणखी पांढरं करत.

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
माझ्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला.
"सांग. किती?"
अंगठा. तर्जनी. मधलं.
आणि पुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं,
थोटकावरची कातडी दोनदा हलली.

पाच, मी म्हणाले.

"हळू," अप्पा म्हणाले.
"मोट्यानं बोलत न्हाईत."